वरून खरपूस, आतून किती?

शंकेखोर : माझ्या शंकेचा लहरींशी संबंध नाही, हे आधीच सांगतो. मायक्रोवेव्ह, ग्रिल आणि गरम हवेचं कन्व्हेक्शन एकाच पेटीत असलेला कॉम्बिनेशन ओव्हन आपल्याला मिनिटं विचारतो, ही माझी तक्रार आहे. अन्न किती वेळ आत होतं याला फारसा अर्थ नाही. त्यातला सगळ्यात थंड राहिलेला भाग किती तापला, यावर जंतू मरणार की उरणार हे ठरतं. गॅसवर रस्सा ठेवला की तो रटरटताना दिसतो, वास बदलतो, पळी फिरवताना हाताला कळतं. कुकरच्या शिट्टीमागे तर ठरलेला दाब असतो आणि त्या दाबाला आत सुमारे १२० अंश तापमान असतं. या पेटीत असं काही कळत नाही. पूर्वीच्या साध्या मायक्रोवेव्हमधून कोंबडी पांढरीफटक निघायची आणि कुणाचा तिच्यावर विश्वास बसायचा नाही. तो अविश्वास उपयोगाचा होता. लोक ती पुन्हा तव्यावर किंवा कढईत टाकायचे. कॉम्बी मोडनं तंगडीला रंग दिला, कातडी कुरकुरीत केली आणि तो अविश्वासच काढून घेतला. आता माणूस रंग बघून पानात वाढतो, आणि हाडापाशी काय चाललं आहे ते त्याला माहीत नसतं.

कैवारी : रंग फसवतो हे खरं, पण तो दोष या एका पेटीचा नाही. तेल फार तापलं असेल तर सुरमईची जाड तुकडी बाहेरून कुरकुरीत होते आणि काट्याजवळ कच्ची राहते. निखाऱ्यावरच्या कोंबडीचंही तेच होतं. लहरींचा विषय तुम्ही बाजूला ठेवलात ते बरं केलंत, तरी अनेकांच्या मनात ती भीती आहे म्हणून दोन वाक्यं बोलतो. २४५० मेगाहर्ट्झच्या या लहरी पाण्याचे रेणू हलवून अन्न तापवतात, त्यांनी अन्न किरणोत्सारी होत नाही आणि यंत्र थांबलं की त्याही थांबतात. दारापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅट ही गळतीची मर्यादा मानली जाते, म्हणून दार वाकलेलं किंवा बिजागरी सैल झालेली असेल तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

आता मुद्द्यावर येतो. लहरी मांसात दोन-तीन सेंटिमीटर शिरतात. त्यापुढची उष्णता मांसातूनच हळूहळू आत जाते. अन्नाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकतो, आणि खरपूस रंग यायला त्याला १४० च्या पुढे जावं लागतं. ते काम दोनशे अंशांची हवा करते. एकजण आतल्या थरावर काम करतो, दुसरा वरच्या, म्हणून वेळ वाचतो. या वाचलेल्या वेळाला मी सुरक्षितता म्हणतो. साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू वाढतात, तेव्हा अन्न त्या पट्ट्यातून जितक्या लवकर बाहेर पडेल तितकं चांगलं. मे महिन्यात सकाळी फ्रीजरमधून कोंबडी काढून ओट्यावर ठेवायची आणि दुपारी शिजवायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आत बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर तीन-चार तास खोलीच्या तापमानाला असतो. त्या ओट्याबद्दल कुणाला शंका येत नाही आणि पेटीबद्दल येते, याचं मला वाईट वाटतं.

शंकेखोर : ओट्याची बाजू मी घेणार नाही. पण ओट्याला पर्याय म्हणून तुम्ही डीफ्रॉस्टचं बटण पुढे करत असाल तर त्यात काय होतं ते नीट बघू. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, वितळलेलं पाणी मात्र त्या भरभरून शोषतं. गोठलेल्या गोळ्याची कड आधी वितळली की सगळी ऊर्जा तिकडेच जाऊ लागते. कड आणखी तापते, आणखी शोषते, आणि मधला बर्फ तसाच राहतो. कोळंबीची पिशवी उघडून पाहिली की हे दिसतं. कडेच्या कोळंब्या गुलाबी होऊन आक्रसलेल्या असतात आणि मधल्या एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे पेटीनं त्या पिशवीत तीन प्रकारचं अन्न तयार केलं: शिजलेलं, गोठलेलं आणि या दोहोंच्या मधलं, तीस-चाळीस अंशांचं कोमट. जंतूंना हवं असतं ते हे कोमट. डीफ्रॉस्टची ताकद साधारण ३० टक्के असते म्हणतात. पण बऱ्याच यंत्रांत ती ताकद खरी कमी होत नाही. पूर्ण ताकद थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, असा तो खेळ असतो. इन्व्हर्टर असलेल्या यंत्रातच ताकद खरोखर खाली येते. शिवाय ऑटो डीफ्रॉस्टला आपण वजन सांगतो, आकार सांगत नाही. अर्धा किलो खिमा चपटा पसरलेला आहे की मुठीसारखा गोळा आहे, हे त्या यंत्राला कुठून कळणार?

कैवारी : तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर आहे. म्हणून तर गोठवण्याची पद्धत बदलायला हवी असं मी म्हणतो. डीफ्रॉस्ट बिघडतो तो बहुतेक वेळा फ्रीजर भरतानाच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेरीस किनाऱ्यावरच्या आणि मुंबईतल्याही घरांत सुरमई, पापलेट, कोळंबी साठवली जाते. किलोभर कोळंबी एका पिशवीत कोंबली की तिचा दगड होतो, आणि दगड कुठलंही यंत्र एकसारखा सोडवणार नाही. तीच कोळंबी एका वेळेपुरती घेऊन पिशवी बोटाएवढी जाड, सपाट गोठवली तर लहरी दोन्ही बाजूंनी मधोमध पोचतात. सुरमईच्या तुकड्यांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून गोठवलं की त्या सुट्या निघतात.

पुढचं कौशल्य थांबण्याचं आहे. थर्माकोलचा ट्रे आणि वरचं प्लास्टिक काढून टाकायचं, तुकडे ताटलीच्या कडेनं मांडून मधली जागा रिकामी ठेवायची. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, त्यामुळे पेटीत तापणाऱ्या आणि न तापणाऱ्या जागा तयार होतात. फिरती तबकडी कडेचं अन्न त्या जागांमधून फिरवते, पण मधलं अन्न जिथल्या तिथे गरगरत राहतं. अर्ध्यावर तुकडे उलटायचे, सुटलेले बाजूला काढायचे, आणि मध्ये थोडा बर्फ असतानाच बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. बाहेरची उष्णता आत सरकते आणि उरलेला बर्फ आपोआप जातो. एवढं झालं की लगेच रांधायचं. ‘सोडवून ठेवते, संध्याकाळी करू’ हे पेटीत सोडवलेल्या मांसाला चालत नाही, कारण त्याचा काही भाग आधीच कोमट झालेला असतो. संध्याकाळी करायचं असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पाणी ठिबकणार नाही अशा भांड्यात ठेवावं. दीड-दोन किलोच्या अख्ख्या कोंबडीला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. घाई असेल आणि यंत्र नको असेल तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासानं पाणी बदलावं.

शंकेखोर : हे ऐकायला चांगलं वाटतं, पण यात यंत्राचं काम किती आणि माणसाचं किती? उलटायचं माणसानं, थांबायचं माणसानं, बर्फ किती उरला ते बघायचं माणसानं. आणि शिजवण्याकडे आलो की अडचण वाढते. पाककृतीत लिहिलेलं असतं, आठ मिनिटं हायवर. कुणाच्या हायवर? एकाचा ओव्हन ७०० वॅटचा, दुसऱ्याचा ९०० चा. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या शेवटी तयार जेवणातल्या लिस्टेरियावरून मोठी काळजी निर्माण झाली. काही ओव्हन अन्न एकसारखं तापवत नाहीत हे तेव्हा चर्चेत आलं आणि १९९२ मध्ये तिथे ओव्हनवर आणि जेवणाच्या पाकिटावर जुळणारी खूण छापायची पद्धत सुरू झाली: वॅट, आणि सोबत ए ते ई यांपैकी एक अक्षर. ओव्हनवर डी असेल तर पाकिटावर डीसमोरची मिनिटं बघायची. आपल्याकडे दुकानात पहिला प्रश्न असतो किती लिटरचा, आणि उत्तर येतं पंचवीस किंवा अठ्ठावीस. लिटर म्हणजे आतली जागा. तिच्यावरून कोंबडी किती तापेल ते कळत नाही. वॅटचा आकडा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत, आणि तोही कधी विजेच्या वापराचा, कधी लहरींच्या ताकदीचा, कधी कन्व्हेक्शनचा. त्यात आपली वीज. संध्याकाळी दाब उतरला की साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्राची ताकदही उतरते. रविवारी सकाळी जमलेली आठ मिनिटं बुधवारी रात्री कमी पडू शकतात.

कैवारी : ताकद घरीच मोजता येते. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, तापमान बघा, पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं ठेवा, ढवळून पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. वीस अंश वाढले तर तुमचं यंत्र जवळपास ७०० वॅट देतं. सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा केलं तर दाबाचा फरकही आकड्यात दिसेल. आणि हे करायला जो थर्मामीटर लागतो, तोच कोंबडीलाही लागतो. तुमच्या सगळ्या आक्षेपांना माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: अणकुचीदार दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर. तंगडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला टोक न टेकवता खुपसायचा. कोंबडीला ७४ अंश हवेत. खिम्याला ७१ तरी हवेत, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळलेले असतात. एका जागी बघून समाधान मानायचं नाही, दोन-तीन जागी बघायचं. कमी आलं तर परत आत ठेवायचं. पेटी बंद झाल्यावर पाच-सात मिनिटं थांबून मोजलं तर आणखी चांगलं, कारण तोवर आतलं तापमान चढत असतं.

शंकेखोर : किती स्वयंपाकघरांत तो थर्मामीटर आहे? आपलं रांधणं अंदाजावर उभं आहे आणि मला त्या अंदाजाबद्दल खरा आदर आहे. पिढ्यान्‌पिढ्या आगीसमोर उभं राहून तो तयार झाला. पण तो आगीचा अंदाज आहे. सुरी खुपसून पाणी स्वच्छ निघतं का बघायचं, लाली गेली का बघायचं, या खुणा आगीवरही पुरत्या भरवशाच्या नाहीत. कोंबडीचं मांस हाडाजवळ पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकतं, आणि पांढरं दिसूनही कमी तापलेलं असू शकतं. कॉम्बी मोडमध्ये तर त्या आणखी लटक्या पडतात, कारण एकाच तंगडीत दोन सेंटिमीटरवर वेगळं तापमान असतं. तुम्ही एक यंत्र घ्यायला सांगता आणि मग त्याच्यावर नजर ठेवायला दुसरं घ्यायला सांगता.

कैवारी : हो, सांगतो. ताप आला की आपण कपाळाला हात लावतो आणि तरीही थर्मामीटर लावतो. त्यात हाताचा अपमान आहे असं कुणाला वाटत नाही.

शंकेखोर : बरं, हे मान्य करतो. पण मला खरी भीती वाटते ती उरलेलं गरम करण्याची. बहुतेक घरांत ही पेटी नवीन शिजवायला कमी आणि कालचं तापवायला जास्त लागते. गरम करणं इतकं सोपं झालं की ‘वाफ आली म्हणजे चांगलं झालं’ ही समजूत पक्की झाली. भाताचं बघा. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्यानं जात नाही. माशांत बांगडा आणि कुपा यांचं असंच. ते गार ठेवले नाहीत तर जंतूंमुळे त्यांत हिस्टामिन साठतं. खाल्ल्यावर अंगावर लाली येते, डोकं ठणकतं, जीव घाबरतो. हिस्टामिन गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. तुमचा थर्मामीटर तिथे ७४ दाखवेल, आणि ते अन्न तरीही वाईट असेल.

कैवारी : असेल, आणि हा आकडा जिथे निरुपयोगी ठरतो ती जागा तुम्ही नेमकी दाखवलीत. पण त्या भाताची कढईत फोडणी केली तरी विष तसंच राहणार. फोडणीचा भात आपण आवडीनं खातो, आणि तो सुरक्षित असतो तो रात्री भात फ्रीजमध्ये गेला असेल तरच. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पातेलंभर भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून तो परातीत किंवा पसरट डब्यात काढावा. हा नियम घड्याळाचा आणि फ्रीजचा आहे. त्याचा दोष ओव्हनला देऊ नये.

गरम करायचं तर झाकण ठेवून करावं, पण वाफेला वाट ठेवावी. भातावर पाण्याचा हबका मारावा आणि मध्येच एकदा काढून ढवळावं. जे ढवळता येतं ते या पेटीत सगळ्यात सुरक्षित. वरण, आमटी, भात, खिमा ढवळले की गरम-गार भाग मिसळून जातात. बाळाच्या दुधाची बाटली मात्र आत कधीच ठेवू नये. बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा घोट जीभ पोळेल इतका कढत असतो. कवचासकट अंडंही नको, ते फुटतं.

शंकेखोर : तुम्ही आता ‘जे ढवळता येतं’ म्हणालात. तिथेच आपल्या वादाची रेघ ओढता येईल असं मला वाटतं. साधा मायक्रोवेव्ह लोकांनी बहुधा ढवळता येण्याजोग्या अन्नासाठीच वापरला. कॉम्बिनेशन ओव्हन विकला जातो तो नेमका उलट्या कामासाठी: अख्खी कोंबडी, भरलेलं पापलेट, जाड पनीर टिक्का, केक. यांतलं काहीच ढवळता येत नाही. पापलेटाच्या पोटात सारण भरलं की सगळ्यात थंड जागा आपणच मधोमध तयार करतो. म्हणजे यंत्र जिथे सगळ्यात कमी भरवशाचं, तिथेच त्याची जाहिरात सगळ्यात मोठी.

आणि घरात हे सगळं माहीत कुणाला असतं? यंत्र ज्यानं निवडलं, माहितीपुस्तिका ज्यानं वाचली, त्याला. दुपारी जेवण गरम करते आजी, रात्री अकराला फ्रीज उघडतो मुलगा. कन्व्हेक्शननंतर पेटीच्या भिंती बराच वेळ तापलेल्या असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मुलगा मायक्रोवेव्हसाठी चालणारा प्लास्टिकचा डबा त्या तापलेल्या पेटीत ठेवतो आणि डबा बसतो. मायक्रोवेव्हला प्लास्टिक चालतं, स्टील नाही. कन्व्हेक्शनला स्टील चालतं, प्लास्टिक नाही. कॉम्बीला दोन्ही नकोत, कंपनीनं दिलेली जाळी तेवढी चालते. एकाच दारामागे तीन कायदे!

कैवारी : जाड काचेची, ओव्हनला चालणारी दोन भांडी तिन्ही कायद्यांत बसतात. घरात तेवढीच वापरायची ठरवली तर आजी आणि नातू दोघांचाही प्रश्न सुटतो. मेलामाइन यातल्या कशातच नको. प्लगसाठी १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा, कारण कन्व्हेक्शन चालू झालं की वापर दोन हजार वॅटच्या पुढे जाऊ शकतो. जुन्या इमारतींत मिक्सरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून चालवतात, ते थांबलंच पाहिजे.

पण तुमचा मुख्य मुद्दा मी टाळत नाही. भरलेल्या पापलेटाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. सारण वेगळं परतून घ्यावं, मासा चपटा आणि चिरे देऊन ठेवावा. अख्खी कोंबडी मात्र मी सोडणार नाही. ती फ्रीजमध्ये पूर्ण सोडवलेली असली, पोटात बर्फाचा कण नसला, मसाला लावून ती फ्रीजमध्येच मुरली असली, अर्ध्यावर उलटली आणि मांडीत, छातीत थर्मामीटर खुपसून पाहिला, तर मी ती माझ्या घरच्या लहान मुलांना निःशंक वाढीन.

शंकेखोर : आणि थर्मामीटर नसेल तर?

कैवारी : तर कोंबडीचे लहान तुकडे करून रस्सा करावा, गॅसवर.

शंकेखोर : मग माझी शंका कुठे उरते ते सांगतो. वाफेवरून वेळ ठरवणारे सेन्सर काही यंत्रांत आले आहेत, पण वाफ पृष्ठभागावरून निघते, हाडापाशी काय आहे ते ती सांगत नाही. मांसात खुपसायची सळई जोडलेले ओव्हनही निघाले आहेत, ते मला योग्य दिशेचे वाटतात. दोनशे अंशांची हवा आणि नऊशे वॅटच्या लहरी देणाऱ्या यंत्राबरोबर ती सळई जोडीनं यायला हवी. ती येत नाही तोवर हे यंत्र अर्धवट विकलं जातं असं मी म्हणेन. ते तुम्ही अनुभवाच्या जोरावर पुरं करता, सगळेजण करू शकणार नाहीत.

कैवारी : मी त्याला अर्धवट म्हणणार नाही. गॅसची शेगडीही कधी तापमान सांगून विकली गेली नाही. पण सळई जोडीनं यावी या मागणीवर माझीही सही घ्या. आणि यंत्र घ्यायला जाणाऱ्यांनी लिटर विचारून थांबू नये. मायक्रोवेव्हची ताकद किती वॅट, कन्व्हेक्शनला किती, दाब उतरला तर काय होतं, हे दुकानदाराला विचारावं आणि त्याच फेरीत मांसात खुपसायचा थर्मामीटर घेऊन घरी यावं.